चौथ्या वाटेतले चोर

फेर्लेने पानावरचा चिमटा काढला, यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "हे पान खोटं बोलतंय."

आफकेला ती थट्टा वाटली. फेर्ले बेल्जियमची, इथल्या संशोधन केंद्रात नोकरीला. थट्टा करतानाही तिचा चेहरा हलत नसे, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

"पान कसं खोटं बोलेल?"

"मग तू सांग. तळाचं पान. एप्रिलमध्ये उघडलेलं. डोक्यावर इतका पाला. आता ह्याची ताकद उतरायला हवी होती. शेजारच्या वाटेतलं ह्याच वयाचं पान निम्म्याच्या खाली आलंय. आणि हे साहेब मधल्या पानाच्या मांडीला मांडी लावून बसलेत."

यंत्राचं काम सरळ होतं. पान चिमट्यात धरलं की आतला छोटा दिवा लागायचा. तो सगळ्या पानांवर सारखाच. त्या उजेडात पान हवेतला कार्बन डायऑक्साइड किती वेगाने ओढतं, तेवढं यंत्र मोजायचं. टोमॅटोच्या एकाच झाडावर वरची उघडलेली पानं भराभर ओढतात, मधली बेताने, आणि तळाची नावापुरती. आफके हे चार महिने बघत होती. चौथ्या वाटेत, म्हणजे झाडांच्या चौथ्या ओळीत, मात्र गेले काही आठवडे तळाची पानं तरण्याताठ्यांसारखी वागत होती.

"तू हात लावलास का ह्या झाडांना?" फेर्लेने विचारलं.

"रोज लावते. बगलफूट काढते, शेंडा दोरीला गुंडाळते, आठवड्यातून एकदा दोरी सैल करून झाड खाली घेते. ते तर ठरलंच होतं."

"पानांना?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना, फेर्ले."

फेर्लेने मान हलवली. पटल्याची नव्हे, ऐकल्याची. आफके काचघराचा दरवाजा लावून घराकडे आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्यावर संशय घेतला गेलाय, आणि तोही अगदी शांत आवाजात.

संशय परवडणारा नव्हता. नेदरलँड्समधल्या ह्या वेस्टलँड भागात आठ टोमॅटोवाल्यांचं एक मंडळ होतं. दर गुरुवारी एकमेकांच्या काचघरातून फेरी मारायची, मग कॉफी, आणि मग प्रत्येकाने आपला आकडा टेबलावर ठेवायचा. किती माल निघाला, किती गॅस जळला, काय चुकलं. मंडळाचा नियम दोन वाक्यांचा होता. आकडा फुगवायचा नाही. दुसऱ्याच्या झाडाला हात लावायचा नाही. स्याक नावाच्या एकाने पूर्वी आकडा फुगवला होता. त्याला बाहेर काढलं, आणि अजून बेकरीत भेटला तर लोक त्याला हवापाण्याबद्दल विचारतात, पिकाबद्दल कोणी विचारत नाही.

आफके मंडळात बसत होती ती वाउटरच्या खुर्चीवर. वाउटर तिचा नवरा, दीड वर्षापूर्वी गेला. ती मूळची उत्तरेकडच्या फ्रीसलँडची, गाईंच्या घरातली. लग्नानंतर वीस वर्षं काचघरात राबली तरी मंडळाच्या लेखी ती "वाउटरची बायको" होती. मंडळातला सर्वांत जुना हुइबर्ट, त्याने जानेवारीत स्वच्छ सांगितलं होतं, "प्रयोग नीट पार पडू दे आफके, मग खुर्ची तुझ्या नावावर करायचं बघू."

प्रयोग तिचाच, म्हणून यंदा मंडळाची गुरुवारची फेरी दर वेळी तिच्याच काचघरात संपायची. सगळे जण टोमॅटोची तळाची पानं दर आठवड्याला खुडून टाकतात. ती सावलीत असतात, कमावत नाहीत, उलट खातात, असं मानतात. शेजारचा, मंडळातलाच लेन तर त्यांना "फुकटे भाडेकरू" म्हणायचा. आफकेचं म्हणणं, थोडी राखून बघू. खुडण्याची मजुरी वाचेल, आणि पान वाटतं तितकं निकामी नसेल. वाउटरच्या आजोबांनी बांधलेल्या बुटक्या काचघरात तिने तिसऱ्या आणि चौथ्या वाटेत पानं राखली. तिसरी वाट मजुरांच्या टोळीकडे. चौथी तिने स्वतःकडे ठेवली, दोन्ही तोंडांना लाल-पांढरी फीत बांधली, आणि टोळीला तिथे पाय ठेवायला बंदी केली. तिचा कोणावर भरवसा नव्हता. फेर्लेच्या सांगण्यावरून आणखी एक गोष्ट ठरली होती. शेंड्याजवळचं एक कोवळं पान खुडून उजेड आत सोडायची वाउटरची जुनी पद्धत यंदा साऱ्या काचघरात बंद.

आता पुढच्या गुरुवारी फेर्ले मंडळापुढे आकडे ठेवणार होती. ते ठेवताना "मला हे पटत नाही" एवढं म्हणाली, तरी आफकेला बाहेर काढायला पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी टोळीची मुकादम बोझेना पेट्या लावत होती. ही पोलंडची, इथे येऊन बरीच वर्षं झालेली, डच भाषा आपल्या सोयीने वापरणारी. आफकेला एकदम आठवलं, काही आठवड्यांपूर्वी हीच म्हणाली होती, "बाई, चौथ्या वाटेत चोर आहेत."

इथले टोमॅटोवाले बगलफुटीला चोर म्हणतात. पान आणि खोड ह्यांच्या बेचक्यातून ती गुपचूप निघते आणि झाडाचं खाणं पळवते, म्हणून. चोर काढणं हे रोजचं काम. तेव्हा आफके म्हणाली होती, "असू देत, मी काढते." तिची कामं मागे पडत होती, चोर राहत होते, हे खरंच होतं.

"बोझेना, तू मला चोरांचं सांगितलं होतंस. कुठले चोर?"

"दोन पायांचे."

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस, बाई! मी म्हटलं चोर, तुम्ही म्हटलं मी काढते. मला वाटलं, वा, बाई खमकी आहे."

"कोण होता?"

"मला पाठ दिसली. लांब पाठ. फितीवरून हात आत घातला, काहीतरी मोडलं, मुठीत लपवलं."

"कधी?"

"मंडळ येतं त्या दिवशी. पांढरा कोट होता."

लांब पाठ. मंडळात सगळेच उंच, पण लेन वाटेत शिरला की त्याचं डोकं वर दोऱ्या बांधलेल्या तारेला लागायचं. आफकेने तिथेच निकाल लावला. लेनला प्रयोग फसायला हवा होता. "भाडेकरू" हा शब्द त्याने साऱ्या गावात रुळवला होता, आता तो शब्द मागे घ्यायला लागला असता. आणखीही एक होतं. वाउटर गेल्यावर दोन महिन्यांनी लेनने काचघर विकत घेण्याबद्दल विचारलं होतं. अतिशय सभ्यपणे विचारलं होतं, केक घेऊन आला होता. आफकेला आता तो केकही संशयास्पद वाटू लागला.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. लेनला प्रयोग पाडायचा असता तर तळाची पानं दुबळी दिसायला हवी होती. ती तर धडधाकट झाली होती. ह्यावर आफकेने विचार केला आणि तिला वाटलं, हाच डाव आहे. आकडे इतके चांगले करायचे की कोणाचा विश्वास बसू नये. मग संशय कोणावर? तिच्यावर.

गुरुवारी मंडळ आलं. झाडांचा एक विषाणू सगळीकडे फिरत असल्याने हल्ली दारातच पाहुण्यांना कागदी पांढरे कोट आणि रबरी हातमोजे द्यावे लागत. बाहेर पडताना ते दाराजवळच्या पिंपात टाकायचे. आफकेने सकाळी पिंपात नवी पिशवी लावली. टोमॅटोचं झाड हाताळलं की बोटांना हिरवट पिवळा डाग पडतो, साबणाने जात नाही. रबरावर तर तो लांबूनही दिसतो. सात पाहुणे, सात जोड्या. फक्त बघत फिरणाऱ्याचे मोजे स्वच्छ असणार. डाग असलेली जोडी एकच निघाली की झालं. लेनचे पंजे एवढे मोठे की त्याच्यासाठी वेगळा आकार मागवावा लागे, त्यामुळे मालक शोधायचीही गरज नव्हती.

ती मुद्दाम फेरीबरोबर गेली नाही. कॉफी करते, असं सांगून घरात थांबली. फेर्ले मात्र त्यांच्या आधीच वाटेत गेली होती.

मंडळ टेबलाशी येऊन बसलं, तशी आफके हातात टोपली घेऊन मागच्या दाराने निघाली. "पाव आणते," म्हणाली. पिंपातली पिशवी काढली आणि तिथेच उघडली. मोठ्या मोज्यांची जोडी वरच होती. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही हिरवी.

"सापडलास," ती पुटपुटली.

मग तिने सवयीने दुसरी जोडी पाहिली. तिच्यावरही डाग होता. तिसरीवर थोडा, पण होता. तिने एकेक करून सगळे मोजे उलटे-सुलटे केले. एकही जोडी स्वच्छ नव्हती.

एक माणूस वाईट असू शकतो. सातच्या सात मिळालेले असतील तर प्रकरण वेगळं. तिने पिशवी टोपलीत घातली, वर मनुकांचे पाव ठेवले आणि आत गेली. पाव बाजूला काढून पिशवी टेबलावर ओतली.

"हे काय, लोणी संपलं का?" टून म्हणाला. मंडळातला गंमत्या तो.

"आपापले ओळखा."

कोणी ओळखले नाहीत. हुइबर्टने चष्मा काढून पुसला. लेन खिडकीबाहेर बघू लागला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"लेन, तुझे तर ओळखू येतात."

"येतात," लेन म्हणाला.

"काय मोडलंस माझ्या वाटेत?"

"एक चोर. एकच, आफके. चांगला वीतभर झाला होता. माझ्याकडे बघत होता. हात शिवशिवतात गं, काय करू?"

"गेल्या गुरुवारी?"

"तेव्हाही एक."

"माझा आज एकच," टून म्हणाला. "देवाशपथ. लेनने सोडलेला."

"तुम्ही सगळे?"

मग एकेकाने कबूल केलं. जो तो एकच म्हणत होता, आणि दर गुरुवारचा एकच. सगळ्यांत शेवटी हुइबर्ट बोलला. नियम ज्याने केला होता तोच. "तुझी वाट मागे पडली होती, पोरी. एकटी करतेस. पुढच्याने काढला तर कोणाला कळणार नाही, असं प्रत्येकाला वाटलं. मदतच करत होतो."

"कोणी मागितली होती?"

"वाउटर असता तर..."

"वाउटर नाहीये." आफकेचा आवाज चढला नाही. "तुम्ही सात जण माझ्या मागे माझं काम आवरत होता. आणि फेर्ले मला विचारतेय, तू हात लावलास का म्हणून. मी बाहेर गेले असते, कळतंय का? तुमच्या मदतीने."

कोणी कॉफीला हात लावला नाही. चोरीपेक्षा ही कीव तिला जास्त झोंबली होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"थांबा," फेर्ले म्हणाली. ती इतका वेळ मोजे न्याहाळत होती. "चोर कोणी काढले ह्याने काही फरक पडत नाही. ते आफके काढणारच होती. तिसऱ्या वाटेत टोळीही काढते. त्याने तळाचं पान सुधारणार नाही."

"मग कशाने?"

"उजेडाने. मी सकाळी वर बघत बसले होते. टोमॅटोला दोन घोसांच्या मध्ये तीन पानं येतात. तिसऱ्या वाटेत तीन आहेत. चौथीत दोन. कोणीतरी शेंड्याजवळचं एक पान काढतंय, प्रत्येक झाडाचं, आठवडेच्या आठवडे. वरून उजेड थेट तळापर्यंत जातोय."

"मी पान नाही काढलं," लेन लगेच म्हणाला.

"मीही नाही," टून म्हणाला. ह्या वेळी कोणी "एकच" म्हणालं नाही.

आफकेने लेनकडे पाहिलं. चोराची कबुली देणं सोपं होतं, ती बिनमहत्त्वाची होती. पान महत्त्वाचं होतं, आणि ते तो नाकारत होता. लांब पाठ, लांब हात. तिच्या मनातली पाल पुन्हा चुकचुकली.

"चला," ती म्हणाली. "वाटेत चला. मला दाखवायचंय."

नवे कोट, नवे मोजे, पुन्हा सगळे काचघरात. ह्या खेपेला तिनेही मोजे चढवले. चौथ्या वाटेच्या तोंडाची फीत सोडून ती पुढे झाली, मंडळ तिच्या मागे ओळीने, सर्वांत मागे फेर्ले. बाहेर ऊन होतं. काचेतून ते सरळ खाली येत होतं, आणि आफकेने आज पहिल्यांदा ते कुठवर पोचतंय ते पाहिलं. तळाच्या पानांवर उन्हाचे कवडसे होते. वीस वर्षं दोन घोसांमध्ये दोनच पानं बघायची डोळ्यांना सवय होती, त्यामुळे दोन दिसली तेव्हा तिला काहीच खटकलं नव्हतं. शेजारच्या तिसऱ्या वाटेत खाली नुसता हिरवा अंधार होता.

"बघा," ती मागे वळून म्हणाली. एक हात तिने तारेवर टेकवला होता. "हा वण. इथे पान होतं. वण जुना, वाळलेला आहे, म्हणजे आजचं काम नाही. हे करायला रोज यावं लागतं, किंवा निदान आठवड्याला. आणि सगळी झाडं करायची म्हणजे वेळ हवा. कोणाकडे एवढा वेळ आहे? कोणाला माझ्या वाटेत निवांत फिरता येतं? मी विचारते, लेन, गुरुवारी सगळे गेल्यावर तू..."

ती थांबली, कारण कोणी तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांची नजर तिच्या हाताकडे होती.

तिने वर पाहिलं. बोलता बोलता तिच्या बोटांनी पुढच्या झाडाचा शेंडा दोरीला गुंडाळला होता. मग शेंड्याजवळच्या घोसाखालचं कोवळं पान धरलं होतं, आधी वर दाबलं होतं, मग खाली. पान देठापासून स्वच्छ सुटून तिच्या हातात आलं होतं.

"आधी वर, मग खाली," लेन हळूच म्हणाला. "वाउटर असंच मोडायचा. दुसरं कोणी नाही मोडत असं."

आफकेने पानाकडे पाहिलं. मोज्याचा अंगठा हिरवा झाला होता. फेर्लेने दोनदा विचारलं होतं आणि तिने दोनदा नाही म्हणून सांगितलं होतं, मनापासून सांगितलं होतं. यंदा ही पद्धत बंद, असं टोळीला तिनेच बजावलं होतं. टोळीने ऐकलं होतं.

"फेर्ले," ती म्हणाली. "हात मी लावला. प्रत्येक झाडाला. मला माहीत नव्हतं, पण मीच."

"दिसलं," फेर्ले म्हणाली.

"आकडे रद्द कर."

"आकडे खरे आहेत. पान खोटं बोलत नव्हतं, मी चुकले. दोन्ही वाटांतली पानं एकाच वयाची, एकाच जातीची. एकावर उजेड पडला, त्याची ताकद टिकली. दुसरं सावलीत राहिलं, ते उतरलं. म्हणजे वयाने थकत नाही, सावलीने थकतं. फक्त तुझा प्रयोग हा नव्हता."

"म्हणजे माझे भाडेकरू..." लेन म्हणाला.

"कमावू शकतात. खिडकी दिली तर."

लेनने कान खाजवला. हे त्याला गावात सांगावं लागणार होतं.

आफके हुइबर्टकडे वळली. "नियम तुझा आहे. मी चुकीचा जबाब दिला. सांग."

हुइबर्टने दोन्ही हात पुढे धरून आपल्या मोज्यांकडे पाहिलं. जणू मागच्या जोडीचा डाग ह्यांच्यावरही उतरला होता. "नियमाने हात लावणारे सात जण बाहेर. चुकीचं सांगणारी एक बाहेर. मंडळात राहिली फेर्ले."

"मी कॉफी पीत नाही," फेर्ले म्हणाली.

टून पहिला हसला. आफके हसली नाही. "प्रयोग पुन्हा करायचा," ती म्हणाली. "तीन वाटा. एकीत शेंड्याचं पान काढायचं, एकीत नाही, एकीत तळाचं. सगळ्या टोळीकडे. मी फितीच्या बाहेर. आणि मला मदत नकोय. आकडे हवेत."

"आणि तुझी वाट मागे पडली तर?" लेनने विचारलं. "तोंडावर सांगायचं?"

"सांगायचं."

"मागे पडलीये. भयंकर मागे पडलीये. असली वाट माझ्याकडे असती तर मी मंडळाला दारातूनच परत पाठवलं असतं."

मंडळात सगळे एकमेकांशी असंच बोलत. तिच्याशी दीड वर्षात कोणी बोललं नव्हतं.

"तुझा गॅसचा आकडा आधी सुधार," आफके म्हणाली, "मग माझ्या वाटेत नाक खुपस."

पुढच्या गुरुवारी तिने दारात मोजे वाटले आणि म्हणाली, "हात मागे." कागदी कोटांना खिसे नव्हते. मग आठ जण बर्फावर स्केटिंग करत जाणाऱ्यांसारखे कंबरेत थोडे वाकून, हात पाठीशी बांधून, एकामागून एक चौथ्या वाटेतून चालले. आफके मध्ये होती, तिचेही हात मागे. बगलफुटी जागोजाग दिसत होत्या आणि कोणाची बोटं हलत नव्हती. कोणी पिकाकडे धड बघतही नव्हतं. प्रत्येकाचं लक्ष पुढच्याच्या हातांवर होतं, आणि आपल्या मागच्याचं आपल्या हातांवर आहे, हेही प्रत्येकाला माहीत होतं.